पाऱ्याचा थेंब आणि विजेचा प्रवाह

चंचल मनाला पाऱ्याची उपमा देण्याची चाल मराठींत जुनी आहे. पारा चिमटींत धरूं गेल्यास निसटतो. जमिनीवर सांडल्यास त्याचे लहान लहान मणी होऊन ते चहूंकडे पळत सुटतात. आणि दोन मणी एकमेकांना टेकले म्हणजे डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच ते एकजीव होतात. भारतीय रसशास्त्रानें या धातूस ‘रस’ हें नांव दिलें व त्यावर करावयाचे अनेक संस्कार सांगितले. त्या संस्कारांचा हेतु वेगळा होता. परंतु पाऱ्याचा थेंब द्रावणांत तयार होतांना, आणि तोच थेंब तळाशीं सांचलेल्या पाऱ्यांत मिसळतांना, विजेचा एक अत्यल्प प्रवाह वाहूं शकतो, या गोष्टीचा पद्धतशीर विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत सुरू झाला. या प्रवाहानें साधा दिवाहि पेटावयाचा नाहीं. तरीहि त्यानें प्रथम कुतूहल जागें केलें, नंतर एका सिद्धांताला आधार दिला, आणि शेवटीं ज्या शोधाला त्यानें जन्म दिला त्याच शोधाच्या वाटेंतली तो धोंड होऊन बसला. शास्त्राच्या इतिहासांत इतक्या क्षुद्र दिसणाऱ्या गोष्टीला इतकें विचित्र दैव क्वचितच लाभलें असेल.

थेंब आणि वीज यांचा संबंध सर्वांच्या डोळ्यांसमोर आणणारा एक सुप्रसिद्ध प्रयोग ग्लासगो विद्यापीठाचा प्राध्यापक विल्यम थॉमसन यानें १८६७ सालीं प्रसिद्ध केला. हाच गृहस्थ पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें ओळखला जाऊं लागला. त्याच्या उपकरणांत पाण्याच्या दोन बारीक धारा वरून सोडलेल्या असतात. प्रत्येक धार धातूच्या एका कड्यांतून जातांना थेंबाथेंबांत तुटते, आणि ते थेंब खालच्या धातूच्या भांड्यांत पडतात. डावीकडील कडें उजवीकडील भांड्यास व उजवीकडील कडें डावीकडील भांड्यास तारेनें जोडलेलें असतें. एखाद्या भांड्यावर योगायोगानें किंचित् ऋण भार असला, तर त्यास जोडलेलें कडें दुसऱ्या धारेंतील थेंबांवर धन भार ओढून आणतें. ते थेंब आपल्या भांड्यांतील पाण्यास मिळाले कीं त्यांचा भार तेथेंच राहतो. त्यामुळें त्या भांड्यास जोडलेलें दुसरें कडें अधिक प्रभावी होतें, आणि असें होतां होतां थोड्याच वेळांत दोन्ही भांड्यांमध्यें ठिणगी उडते. ही वीज फुकट मिळत नाहीं. भारयुक्त थेंबाला त्याच्याच जातीच्या भाराच्या भांड्यांत पडावें लागतें; भांडें त्याला दूर लोटतें, आणि पृथ्वीचें आकर्षण त्याला खालीं ओढतें. या झटापटींत पृथ्वीच्या आकर्षणाचें जें काम खर्ची पडतें तेंच ठिणगीच्या रूपानें परत मिळतें. थेंब हा येथें विजेचा हमाल आहे.

केल्व्हिनच्या उपकरणांत थेंबावर भार येतो तो बाहेरच्या कड्याच्या प्रभावानें. असें कोणतेंहि कडें नसतां थेंब आपल्या पृष्ठावरच भार घेऊन जातो, हा प्रकार स्पष्टपणें अभ्यासिला गेला तो पाऱ्याच्या बाबतींत, आणि त्याचें श्रेय प्रामुख्यानें गॅब्रिएल लिप्मन या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे जातें.

लिप्मनचा जन्म १८४५ सालीं लक्झेंबर्गमधील होलेरिख येथें झाला. पॅरिसमधील नामांकित एकोल नॉर्मालमध्यें तो शिकला, पण अध्यापक होण्यासाठीं जी परीक्षा द्यावी लागे तींत तो अनुत्तीर्ण झाला. आवडत्या विषयांत जीव ओतावयाचा व नावडत्या विषयांकडे ढुंकूनहि पाहावयाचें नाहीं, असा त्याचा स्वभाव होता. १८७३ सालीं जर्मनींतील शास्त्रशिक्षणाची पद्धति पाहण्यासाठीं फ्रेंच सरकारनें त्यास तिकडे पाठविलें. हायडेलबर्ग येथें शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यानें त्याला एक लहानसा प्रयोग दाखविला. पाऱ्याचा एक थेंब विरल गंधकाम्लांत ठेवलेला होता. त्याला लोखंडाच्या तारेचें टोंक लावतांच तो थेंब आंग चोरल्यासारखा आकसला, आणि तार काढतांच पुन्हां पहिल्यासारखा पसरला. अनेकांनीं हा प्रकार गंमत म्हणून पाहिला असता आणि सोडून दिला असता. लिप्मनला त्यांत एक नियम दिसला.

कोणत्याहि द्रवाचें पृष्ठ ताणलेल्या पडद्यासारखें वागतें. या गुणास पृष्ठताण म्हणतात. लोखंडाचा स्पर्श झाल्यानें पारा व आम्ल यांमधील विद्युद्दाब बदलतो, व दाब बदलला कीं पृष्ठताणहि बदलतो, असें लिप्मननें ताडलें. या नियमावर त्यानें एक नाजूक मापक तयार केला. केसासारख्या बारीक कांचनळींत पारा व आम्ल एकमेकांस भिडवावयाचे, आणि विजेच्या दाबानें त्यांची सीमा किती सरकते तें सूक्ष्मदर्शकांतून पाहावयाचें. व्होल्टच्या हजाराव्या भागाहून लहान फरकहि त्याच्या या मापकांत दिसून येई. लंडन येथें ऑगस्टस वॉलर यानें १८८७ सालीं मनुष्याच्या हृदयाच्या ठोक्याबरोबर होणारी विजेची हालचाल शरीराच्या बाहेरून टिपली, ती याच साधनानें.

परंतु लिप्मननें नियमाची दुसरी बाजूहि पाहिली. विजेनें पाऱ्याचें पृष्ठ हालत असेल, तर पृष्ठ हालविल्यानें वीज उत्पन्न झाली पाहिजे. १८७५ च्या जुलै महिन्यांत पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधांत त्यानें या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या. दुसऱ्या बाजूचा पडताळा पाहण्यास फारशी सामग्री लागत नाहीं. एका भांड्यांत तळाशीं पारा व त्यावर आम्लमिश्रित पाणी घ्यावें. दुसऱ्या एका नरसाळ्यांत पारा भरून त्याचें बारीक टोंक त्या पाण्यांत बुडवावें, म्हणजे पारा थेंबाथेंबानें खालीं पडूं लागतो. वरच्या पाऱ्यापासून एक तार व खालच्या पाऱ्यापासून दुसरी तार काढून त्या विद्युत्प्रवाहमापकास जोडाव्या. थेंब पडत आहेत तोंपर्यंत मापकाचा कांटा एका बाजूस कललेला राहतो. थेंब थांबले कीं तो हळूहळू मूळ जागीं येतो. दोन्ही ठिकाणीं धातु एकच, मध्यें द्रावण एकच, उष्णताहि सारखी. तरीहि प्रवाह वाहतो.

याचें कारण समजण्यास हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यानें १८७९ सालीं विस्तारानें मांडलेली कल्पना उपयोगी पडते. पारा व द्रावण यांच्या सीमेवर पाऱ्याच्या अंगास एका जातीचा भार व द्रावणाच्या अंगास विरुद्ध जातीचा भार समोरासमोर उभा असतो. जणूं कांहीं एकाच भिंतीच्या दोन अंगांना पाठ लावून दोन रांगा उभ्या आहेत. भिंतीची लांबी वाढली तर रांगेंत नवीन माणसें आणावीं लागतात; भिंत पडली तर माणसें मोकळीं होतात. विरल गंधकाम्लांत पाऱ्याच्या अंगास धन भार असतो. नरसाळ्याच्या टोंकाशीं थेंब फुगूं लागला म्हणजे नवें पृष्ठ निर्माण होतें, आणि त्या पृष्ठासाठीं वरच्या पाऱ्यांतून धन भार ओढला जातो. एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचें पृष्ठ सुमारें ३.१४ चौरस मिलिमीटर असतें. तो थेंब खालच्या पाऱ्यांत विलीन झाला कीं तें पृष्ठ नाहींसें होतें, आणि त्यावरील भार मोकळा होऊन खालच्या पाऱ्यास मिळतो. अशा रीतीनें वरच्या पाऱ्यांत भाराची तूट व खालच्या पाऱ्यांत भर पडत राहते, आणि ती भरून काढण्यासाठीं बाहेरच्या तारेंतून खालून वर प्रवाह वाहतो. थेंबें थेंबें तळें सांचे ही म्हण येथें पाऱ्याइतकीच विजेलाहि लागू पडते.

हें स्पष्टीकरण सर्वांना एकदम पटलें असें नाहीं. जर्मनींत वाल्टर नेर्न्स्ट यानें या प्रश्नाकडे रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें. नवा थेंब तयार होतांना द्रावणांतील पाऱ्याच्या क्षाराचे कांहीं भारयुक्त कण त्याच्या पृष्ठावर बसत असतील, तर वर जेथें थेंब जन्मतो तेथें द्रावण विरल झालें पाहिजे, आणि खालीं जेथें थेंब विलीन होतो तेथें तें अधिक घट्ट झालें पाहिजे, असें त्याच्या विचारसरणीवरून निघत होतें. स्वीडिश रसायनज्ञ पाल्मेर यानें शतकाच्या अखेरीस हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला, आणि वरच्या व खालच्या द्रावणांत अपेक्षित असा फरक त्यास आढळला. थेंब आपल्या पाठीवर कांहीं तरी घेऊन खालीं जातो व मिसळण्याच्या क्षणीं तें टाकून देतो, ही गोष्ट आतां केवळ कांट्याच्या हालचालीवर अवलंबून राहिली नाहीं.

येथवरची कथा विद्वानांच्या प्रयोगशाळांपुरती होती. तिचा लोकोपयोगी भाग सुरू झाला तो बोहेमियाच्या राजधानींत, प्राग शहरीं. तेथील चेक विद्यापीठांत बोहुमिल कुचेरा नांवाचा पदार्थविज्ञानाचा अध्यापक होता. लिप्मनच्या मापकानें पृष्ठताण मोजण्याऐवजीं पडणाऱ्या थेंबांचें वजन करावें, असें त्यानें १९०३ सालीं ठरविलें. पृष्ठताण जितका अधिक, तितका थेंब नळीस अधिक वेळ चिकटून राहतो व तितका तो वजनदार होऊन तुटतो. तेव्हां वजनावरून ताण काढतां येतो. निरनिराळ्या विद्युद्दाबांस थेंबांचें वजन मांडलें असतां कमानीसारखी नितळ वक्ररेषा यावयास हवी होती. कुचेराच्या रेषेंत मात्र मधूनच एक अनपेक्षित उंचवटा येई. लिप्मनच्या पद्धतीनें काढलेल्या रेषेंत तो नव्हता. हा उंचवटा कोठून आला, हें कुचेरास उलगडेना. पंधरा वर्षें तो प्रश्न तसाच राहिला.

१९१८ सालीं प्राग येथें यारोस्लाव्ह हेयरोव्स्की नांवाचा तरुण डॉक्टरेटच्या परीक्षेस बसला. त्याचा जन्म १८९० चा. वडील रोमन कायद्याचे प्राध्यापक. तो महायुद्धापूर्वीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकला होता. तेथें प्रा. डॉनन यांच्या हाताखालीं ॲल्युमिनिअमवर काम करीत असतां, त्या धातूच्या पृष्ठावर सारखी बसणारी गंजाची पुटी त्यास सतावीत असे. तेव्हां पाऱ्यांत विरघळविलेला धातु बारीक नळींतून सतत वाहूं देण्याची युक्ति त्याच्या कानांवर आली होती. १९१४ च्या उन्हाळ्यांत तो घरीं आला असतां युद्ध पेटलें आणि लंडनला परतणें अशक्य झालें. युद्धाच्या काळांत त्यानें लष्करी रुग्णालयांत औषधें तयार करण्याचें व क्ष-किरणांचें काम केलें. परीक्षेच्या वेळीं परीक्षकांपैकीं एक होते कुचेरा. त्यांनीं उमेदवारास पाऱ्याच्या पृष्ठताणाविषयीं विचारलें, आणि परीक्षा संपल्यावर आपल्या त्या जुन्या उंचवट्याचें कोडें सोडविण्यास बोलाविलें.

हेयरोव्स्कीनें तें काम पत्करलें. काम म्हणजे पाऱ्याचे थेंब पाडावयाचे, ते गोळा करावयाचे, धुवावयाचे, वाळवावयाचे आणि तोलावयाचे. विद्युद्दाब थोडा बदलावयाचा, आणि पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावयाची. पुढें त्यानें वजनाऐवजीं थेंब पडण्यास लागणारा काळ मोजण्यास सुरुवात केली. महिन्यांमागून महिने गेले, पण कोडें सुटेना. १९२१ सालीं कुचेरा वारले. ज्या प्रश्नासाठीं गुरूनें शिष्यास बोलाविलें, त्याचें उत्तर गुरूच्या हयातींत मिळालें नाहीं.

या ठिकाणीं हेयरोव्स्कीच्या जागीं दुसरा कोणी असता, तर त्यानें तराजू बाजूस ठेवून दुसरा विषय घेतला असता. हेयरोव्स्कीनेंहि तराजू बाजूस ठेवला, पण नळी व थेंब सोडले नाहींत. थेंबाचें वजन काय सांगतें हें पाहण्याऐवजीं थेंबांतून जाणारा प्रवाह काय सांगतो तें पाहावें, असा विचार त्यानें केला. सोडिअम हायड्रॉक्साईडचें द्रावण घेऊन, पडणारा थेंब हें एक विद्युदग्र व तळचा पारा हें दुसरें विद्युदग्र अशी मांडणी त्यानें केली. बाहेरून हळूहळू दाब वाढवीत नेला आणि नाजूक मापकावर प्रवाहाची नोंद केली. हा दिवस १० फेब्रुवारी १९२२ हा होता. दाबाप्रमाणें प्रवाह मांडला असतां रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेली, आणि या पायऱ्यांतच सर्व मर्म होतें.

द्रावणांतील प्रत्येक पदार्थावर विजेची क्रिया ठराविक दाबास सुरू होते. तो दाब आला कीं प्रवाह एकदम वाढतो व पुन्हां स्थिर होतो. हीच एक पायरी. पायरी कोणत्या दाबास आली यावरून पदार्थ कोणता तें कळतें, आणि पायरी किती उंच आहे यावरून तो किती आहे तें कळतें. शीसें, जस्त, कथील, तांबें असे धातु एकाच द्रावणांत थोडथोडे मिसळलेले असले, तरी त्यांतील पुष्कळांच्या पायऱ्या एकीमागून एक वेगळ्या उमटतात. हवेंतून विरघळलेल्या प्राणवायूच्याहि पायऱ्या उमटतात. कुचेराच्या उंचवट्याशीं द्रावणांतील या प्राणवायूचा निकटचा संबंध होता.

घन धातूच्या तुकड्यावर असा प्रयोग केला असतां त्याचें पृष्ठ पहिल्याच क्रियेनें मलिन होतें, व दुसऱ्या वेळीं उत्तर वेगळें येतें. पाऱ्याचा थेंब दर तीन-चार सेकंदांनीं तुटतो; त्याच्यावर साठलेला सर्व मळ घेऊन तो तळच्या पाऱ्यांत नाहींसा होतो, आणि त्याच्या जागीं नवा, स्वच्छ, त्याच आकाराचा थेंब येतो. ज्या चंचलपणाबद्दल पारा बदनाम, तोच येथें अचूकपणाचा आधार ठरला.

एक रेषा काढण्यास बिंदूमागून बिंदु नोंदवावे लागत, आणि त्यांत बराच वेळ जाई. जपानांतून प्रागला आलेला शास्त्रज्ञ मासुझो शिकाता याच्या साह्यानें हेयरोव्स्कीनें १९२४ सालीं एक स्वयंचलित यंत्र तयार केलें. त्यांत दाब आपोआप वाढे आणि मापकाच्या आरशावरून परावृत्त झालेला प्रकाश फिरत्या छायाचित्रण-कागदावर रेषा काढी. या यंत्रास ‘पोलॅरोग्राफ’ असें नांव मिळालें. १९३४ सालीं स्लोव्हाक शास्त्रज्ञ इल्कोव्हिच यानें पायरीची उंची व पदार्थाचें प्रमाण यांचें गणिती सूत्र दिलें. मग धातूंच्या कारखान्यांत, औषधांच्या प्रयोगशाळांत, अन्नपदार्थांच्या तपासणींत ही पद्धति देशोदेशीं पसरली. पूर्वीं ज्या पृथक्करणास तासचे तास लागत, तें कांहीं मिनिटांत व अगदीं थोड्या द्रावणांत होऊं लागलें.

१९३९ च्या नोव्हेंबरांत जर्मन सत्तेनें चेक विद्यापीठें बंद केलीं. प्रागच्या जर्मन विद्यापीठांतील योहान बोम हा प्राध्यापक नाझी मताचा विरोधक होता. त्याच्या साह्यानें हेयरोव्स्कीस आपल्या प्रयोगशाळेंत काम चालूं ठेवतां आलें. १९५० सालीं प्राग येथें पोलॅरोग्राफीची स्वतंत्र संस्था निघाली व हेयरोव्स्की तिचा संचालक झाला. १९५९ सालीं त्यास रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पहिल्या रेषेपासून तोंवर ३७ वर्षें लोटलीं होतीं. १९६७ सालीं त्याचें निधन झालें. लिप्मनलाहि १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें, पण तें रंगीत छायाचित्रणाबद्दल. पाऱ्याच्या थेंबाबद्दल नव्हे.

आतां ज्या अल्प प्रवाहापासून या कथेचा आरंभ झाला, त्याचें पुढें काय झालें? तो कोठें गेला नव्हता. पोलॅरोग्राफच्या द्रावणांत शोधावयाचा पदार्थ मुळींच नसला, तरीहि प्रत्येक नवा थेंब आपल्या पृष्ठासाठीं थोडा भार मागतोच. हा प्रवाह अँपिअरच्या सुमारें एक कोटीव्या भागाएवढा असतो. पदार्थ भरपूर असतो तोंवर त्याच्याकडे दुर्लक्ष केलें तरी चालतें. पण पदार्थ फारच थोडा असला म्हणजे त्याची पायरी आणि थेंबाचा हा स्वतःचा प्रवाह जवळजवळ सारख्याच मापाचे होतात, आणि खरी पायरी कोणती तें ओळखूं येत नाहीं. लिप्मनच्या पिढीनें जो प्रवाह कौतुकानें पाहिला, तोच हेयरोव्स्कीच्या पद्धतीची मर्यादा ठरला. १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील हारवेल येथें बार्कर यानें दाब क्षणोक्षणीं मागेंपुढें हालवून, थेंबाचा स्वतःचा प्रवाह विझून गेल्यानंतरच मोजणी करण्याची युक्ति काढली. विद्युद्दाब बदलला कीं भिंतीपाशीं रांग लावण्याचें काम लवकर संपतें, रासायनिक क्रिया मात्र चालू राहते. या दोहोंतील वेळेचा फरक त्यानें कामीं आणला. त्यामुळें पूर्वींपेक्षां कितीतरी सूक्ष्म प्रमाणें मोजतां येऊं लागलीं.

पारा विषारी आहे, ही जाणीव पुढें वाढत गेली. पाऱ्याचा वापर जगभर कमी करण्यासाठीं २०१३ सालीं मिनामाता येथील मासेमारांच्या दुर्दैवाचें स्मरण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, व तो २०१७ सालीं अंमलांत आला. प्रयोगशाळांतून पडत्या पाऱ्याची नळी बरीचशी मागें पडली आहे. परंतु दाब बदलीत प्रवाह मोजण्याची जी रीत तिनें शिकविली, ती दुसऱ्या विद्युदग्रांवर आजहि चालू आहे.

आणि थेंबापासून वीज काढण्याची मूळ कल्पनाहि मेलेली नाहीं. २०११ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत क्रुपेंकिन व टेलर यांनीं वाहक द्रवाच्या थेंबांचें विद्युदग्राशीं असलेलें संपर्कपृष्ठ कमीजास्त करून चालण्याच्या हालचालींतून वीज मिळविण्याचा मार्ग दाखविला. २०२० सालीं हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटींतील शास्त्रज्ञांनीं पाण्याचा एक थेंब १५ सेंटिमीटर उंचीवरून एका विशिष्ट प्लॅस्टिकच्या थरावर पाडून १०० लहान दिवे क्षणभर उजळून दाखविले. येथें थेंब पडतो तो घन पृष्ठावर, द्रवावर नव्हे. तरीहि पृष्ठ पसरलें कीं भार हालतो, हें तत्त्व तेंच.

या सर्व इतिहासांत लक्षांत राहण्याजोगी एक गोष्ट अशी कीं, कुचेराचा उंचवटा ही मोजमापांतील चूक आहे असें म्हणून तो पुसून टाकणें अगदीं सोपें होतें. रेषा नितळ दिसली असती, प्रबंध पुरा झाला असता, आणि कोणी आक्षेपहि घेतला नसता. कुचेरानें तो पुसला नाहीं. न उलगडलेला तसाच लिहून ठेवला, आणि पंधरा वर्षांनीं योग्य माणूस समोर येतांच त्याच्या हातीं दिला. पारितोषिकाच्या मानपत्रांत त्याचें नांव नाहीं. परंतु प्रागच्या प्रयोगशाळेंत १९२२ च्या त्या फेब्रुवारींत नळीच्या टोंकाशीं जो थेंब लोंबत होता, तो कुचेरानेंच पाडावयास शिकविला होता.